चार अक्षरांची जागा

याकुबिस अलेक्झांड्रियात नक्कलकार होता, पोथ्यांच्या प्रती हाताने उतरवायचा. या ग्रीकांच्या शहरात आम्ही वेगळे, एकाच देवाचे लोक; आमच्या शास्त्राच्या ग्रीक प्रती तो लिहायचा, आणि त्याच्या हाताला एक सवय होती, जी त्याच्या बापाने लहानपणी बोटांवर बोरू मारमारून लावली होती. लिहिता लिहिता देवाचे नाव आले की हात थांबायचा, चार अक्षरे मावतील एवढी जागा कोरी सोडायचा, दोन्ही टोकांना बारीक ठिपका द्यायचा आणि पुढे जायचा. नाव नंतर त्याचा थोरला भाऊ भरायचा, आंघोळ करून, वेगळ्या बोरूने, आमच्या जुन्या लिपीत. भाऊ गेल्यावर ते काम प्रार्थनाघरातल्या एका वडीलधाऱ्याकडे गेले. एवढे आयुष्य लिहिण्यात घालवून याकुबिसने ते नाव एकदाही लिहिले नव्हते, आणि याचा त्याला जरा जास्तच अभिमान होता. चारचौघांत तो ते बोलूनही दाखवायचा.

त्या दिवशी सकाळी त्याच्या बहिणीचा नवरा दोसिथेओस धापा टाकत त्याच्या दारात आला. दोसिथेओस म्हणजे आमच्या वस्तीतला मोठा वक्ता. एरवी हा माणूस आल्याआल्या आधी काय शिजलेय ते विचारायचा. आज त्याने नुसते पाणी मागितले.

"बाजारात मला चोर म्हणाले, याकुबिस."

"काय उचललंत, दाजी?"

"मी कुठे काय उचललं! मी त्यांच्या म्हाताऱ्याला चोर म्हणालो, असं ते म्हणतायत."

म्हातारा म्हणजे अथेन्सचा तो जुना तत्त्वज्ञ. अलेक्झांड्रियात त्याचे नाव कोणी घेत नाही, नुसते 'म्हातारा' म्हटले की पुरते. तो तरुणपणी इजिप्तला आला होता हे सगळ्यांना ठाऊक आहे. कोणी म्हणते शिकायला, कोणी म्हणते तेल विकायला. दोसिथेओसने महिन्यापूर्वी बाजाराजवळच्या खांबांच्या ओसरीत उभे राहून ठणकावले होते, की म्हाताऱ्याने इथे आमचे शास्त्र ऐकले आणि तेच अथेन्सला नेऊन, त्याला ग्रीक कपडे चढवून लोकांना दाखवले. तेव्हा टाळ्याही पडल्या होत्या. मग टाळ्यांची कुजबुज झाली, आणि आता भिंतींवर कोळशाने काय काय लिहिलेले दिसू लागले होते.

"मी 'प्याला' म्हणालो होतो," दोसिथेओस म्हणाला. "आपल्या विहिरीचं पाणी प्याला. एवढंच."

"आणि त्यांनी काय ऐकलं?"

"विहीर पळवली."

आतून याकुबिसची मुलगी त्रिफेना हसली. ती बंदरावर राहायची, पण नवरा जहाजावर गेला की बापासाठी खारवलेली मासळी आणि भाकरी घेऊन यायची. तिला सातवा महिना लागला होता आणि तोंड मात्र पहिल्यासारखेच चालू होते.

"आतोबा, तुम्हाला तरी कुठे माहीत, म्हातारा काय प्याला ते? तुम्ही होतात का भांडं धरायला?"

"गप गं. हे हसण्यावारी न्यायचं नाही." दोसिथेओसचा आवाज खाली आला. "आंतिलोखोसने बोलावलंय. सणाच्या दिवशी, ओसरीत, सगळ्यांदेखत. पुरावा दाखवा म्हणाला, नाहीतर शहराच्या गुरूची बदनामी केली म्हणून बंदरावरचं प्रार्थनाघर शहर ताब्यात घेणार. आत त्यांच्या झ्यूस देवाची मूर्ती बसवणार. मूर्ती तयार आहे, मी बघून आलो. नुसता रंग द्यायचा राहिलाय."

आंतिलोखोस व्यायामशाळेचा प्रमुख होता. शहरातली तरुण पोरे त्याच्या बोटावर नाचायची. हसरा माणूस, कधी आवाज चढवायचा नाही. आम्हाला आरडाओरडा करणाऱ्यांची भीती नव्हती, ते ओरडून घरी जायचे. भीती होती ती याचीच.

त्रिफेनाचे हसू गेले. "माझ्या घराची आणि प्रार्थनाघराची भिंत एकच आहे," ती म्हणाली. "मूर्ती आणली तर मी दारात उभी राहीन. बघू कशी आत नेतात."

"इकडे राहायला ये. आजच," याकुबिस म्हणाला.

"तिथले दिवे कोण लावणार? तुम्ही? बाबा, मी कुठेही जाणार नाही."

तिच्या आईनेही कधी कोणाचे ऐकले नव्हते. याकुबिसने पुढे वाद घातला नाही, पण तिने आणलेली भाकरी तशीच झाकून ठेवली.

ती गेल्यावर दोसिथेओस जवळ सरकला. "पुरावा होता रे," तो म्हणाला. "माझ्या गुरुजींकडे एक गुंडाळी होती. म्हाताऱ्याच्या एका शिष्याने लिहिलेली. त्यात म्हातारा स्वतः सांगतो की नाईलच्या काठी एका माणसाने त्याला आमचं शास्त्र वाचून दाखवलं. तोंडी अर्थ सांगत सांगत. गुरुजी गेले, घरात ओल शिरली, गुंडाळीचा लगदा झाला."

"तुम्ही स्वतः पाहिली होतीत?"

"पाहिली म्हणजे… गुरुजी सांगायचे. पुन्हा पुन्हा सांगायचे. मला शब्द न् शब्द पाठ आहे."

"म्हणजे पाहिली नाहीत."

"तू तुझ्या आजोबांना पाहिलं होतंस? मग ते नव्हते का?" दोसिथेओसने त्याचा हात धरला. "मी सांगतो, तू लिही. गेलेली वस्तू जागेवर ठेवायची, बस्स. तुला अक्षरांचं जुनं वळण येतं. या शहरात दुसऱ्या कोणाला येत नाही."

याकुबिसला ते पटले नाही. पण त्याला ते खरे असावेसे वाटत होते, आणि हे मी स्पष्टच सांगतो, आमच्यापैकी कोणाला वाटत नव्हते? या शहरात आमच्या मुलांना ग्रीकांची पुस्तके वाचून शहाणे व्हावे लागते. कुठेतरी एकदा त्यांचा सगळ्यात शहाणा माणूस आमच्या एखाद्या वडीलधाऱ्यापुढे मांडी घालून बसला होता, एवढे जरी खरे निघाले असते तरी आम्ही ताठ मानेने बाजारात फिरलो असतो. शिवाय ती एक भिंत होती, आणि तिच्या पलीकडे त्याची पोर. त्याने बोरू तासायला घेतला.

बापाच्या वेळचा पिवळा पडलेला पपायरस त्याच्याकडे होता. काजळीत थोडा गंज मिसळून त्याने शाई फिकी केली. दोन दुपारी दोसिथेओस येरझारा घालत सांगत होता आणि याकुबिस शंभरेक वर्षांपूर्वी लिहायचे तसली रुंद, सुटी अक्षरे काढत होता. सांगणे मोठे झकास होते. म्हातारा शिष्याला सांगतो की नाईलकाठी मला एक परका माणूस भेटला, त्याने मला त्याच्या लोकांचे नियम ऐकवले, आणि रात्रभर मला झोप आली नाही. मग शिष्य विचारतो, त्या लोकांचा देव कसा आहे? आणि म्हातारा त्या परक्याच्या तोंडचे वाक्य जसेच्या तसे म्हणून दाखवतो.

ते वाक्य म्हणजे आमच्या प्रार्थनेचे पहिले वाक्य, देव एकच आहे असे सांगणारे. आमच्या मुलांना बोलता येण्याआधी ते ऐकू येते, आणि मरणाऱ्याच्या कानात शेवटी तेच सांगतात. दोसिथेओसने ते म्हटले तेव्हा त्याचे डोळे भरून आले. याकुबिसचा हात त्या वाक्यावरून न अडखळता गेला, इतका सरळ की त्याला स्वतःलाच बरे वाटले. एवढी देखणी ओळ त्याच्या हातून पुष्कळ दिवसांत उतरली नव्हती.

दोसिथेओसने सगळे मोठ्याने वाचून पाहिले. पुन्हा वाचले. कुठे काही खटकले नाही. संध्याकाळी त्रिफेना आली, तिनेही वाचले आणि त्या वाक्यापाशी तिचा आवाज जड झाला.

"आतोबा, तो खरंच असं म्हणाला होता?"

"म्हणालाच होता," दोसिथेओस म्हणाला, आणि याकुबिसने पाहिले की आता त्याचा स्वतःचाही त्यावर विश्वास बसला होता.

सणाच्या दिवशी शहरात पहाटेपासून ढोल वाजत होते. ओसरीत मुंगीला शिरायला वाव नव्हता. व्यायामशाळेची पोरे अंगाला तेल लावून, डोक्यावर पानांचा मुकुट घालून पायऱ्यांवर बसली होती आणि आमचा कोणी दिसला की सरकून त्याला वाट देत होती. ही वाट देणे याकुबिसला आवडले नाही. तो एका खांबाच्या आडोशाला उभा राहिला.

आंतिलोखोसने मध्यभागी खुर्ची मांडली होती, पण वाचणार होता मेनेस्थेस. मेनेस्थेस ग्रंथालयातला पंडित, म्हाताऱ्याच्या लिखाणातले चूकबरोबर पारखण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. माणूस कोरडा, पण कोणाच्या अध्यात ना मध्यात. त्याने आधीच दोसिथेओसला विचारले, "म्हातारा इथे आला तेव्हा तुमचं शास्त्र ग्रीकमध्ये कुठे होतं? तुमची भाषा त्याला येत नव्हती."

"तोंडी सांगितलं, मालक. त्यातच लिहिलंय."

"बघू."

त्याने गुंडाळी उलगडली, नाकाशी नेली, उजेडात धरली. मग वाचू लागला. पहिल्या रकान्यापर्यंत त्याच्या भुवया वर होत्या. दुसऱ्या रकान्यात त्या खाली आल्या. आवाज बदलला, सावकाश झाला. ओसरी शांत झाली. याकुबिसला वाटले, वाचलो. नाईलकाठच्या त्या रात्रीपाशी तर मेनेस्थेस क्षणभर थांबला आणि म्हणाला, "हे त्याच्यासारखं आहे. अगदी त्याच्यासारखं." दोसिथेओसने याकुबिसला शोधून त्याच्याकडे पाहिले.

मग ते वाक्य आले, आणि मेनेस्थेस अडला.

"इथे काही नाही," तो म्हणाला.

"काय नाही?" आंतिलोखोसने विचारले.

"वाक्याच्या मध्ये पपायरस कोरा आहे. दोन ठिपके आणि मध्ये काहीच नाही."

"असं कसं होईल?" दोसिथेओस पुढे झाला. "आणा इकडे. मी वाचतो." त्याने गुंडाळी हातात घेतली आणि ते वाक्य खणखणीत आवाजात सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचले. कुठेही न थांबता.

मेनेस्थेसने गुंडाळीकडे हात केला. "तुम्ही 'प्रभू' म्हणालात. तो शब्द कुठे आहे? बोट ठेवा."

दोसिथेओसने बोट ठेवले. बोटाखाली पिवळा पपायरस होता. त्याने गुंडाळी उजेडाकडे वळवून पुन्हा पाहिले.

याकुबिसला आता कळले की तो हात त्या ओळीवरून इतका सुखाने का गेला होता. आमच्यात वाचणाऱ्याचे तोंडही लिहिणाऱ्याच्या हातासारखेच तयार झालेले असते. कोरी जागा डोळ्यांना दिसण्याआधी तोंड 'प्रभू' म्हणून मोकळे होते. दाजी, त्रिफेना आणि तो, तिघांच्या नजरेखालून ती ओळ गेली होती आणि तिघांनाही तिथे शब्द दिसला होता.

आंतिलोखोसला मजा वाटली. त्याने गर्दीतून आमच्या तेलवाल्याला पुढे बोलावले. "तुला वाचता येतं ना? वाच." तेलवाला बिचारा कावराबावरा झाला, त्याने वाचले, आणि त्यानेही 'प्रभू' म्हटले. पायऱ्यांवर हशा उसळला. मग एका ग्रीक खलाशाला वाचायला लावले, तो अडला. पुन्हा आमच्या एका माणसाला आणले, तो अडला नाही. हसता हसता पोरांच्या डोळ्यांत पाणी आले. आणि मग एकदम हसू थांबले.

"हे लिहिणारा हात तुमच्यातला आहे," मेनेस्थेस हळू म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, खंत होती. "अथेन्सच्या कुठल्याही नक्कलकाराने ही जागा सोडली नसती."

पोरे उठून उभी राहू लागली. याकुबिसला बंदराकडे जाणारा रस्ता दिसत होता, मोकळा आणि उतरता. तो खांबाआडून बाहेर आला.

"हात माझा आहे," तो म्हणाला. "दाजींना सोडा."

आंतिलोखोस खुर्चीवरून उठला. याकुबिसला वाटले आता पोरांना हाक दिली जाईल. पण आंतिलोखोसने त्याला खांद्याला धरून आपल्या खुर्चीत बसवले.

"आजोबा, घाबरू नका. मेनेस्थेस, तू उगाच कीस काढतोस. ही नक्कल आहे. नक्कलकाराला खोड असते. त्याने जागा सोडली म्हणून मूळ कसं खोटं ठरेल? काय हो आजोबा, नक्कलच आहे ना?"

याकुबिसने मान हलवली. दुसरे काय करणार?

"मग मूळ प्रतीत तिथे शब्द असणारच. अथेन्सच्या माणसाने लिहिलेला. तो भरा आणि विषय संपवा. गुंडाळी खरी असं मी इथेच सांगतो, आणि प्रार्थनाघर तुमचं राहील. सगळ्यांदेखत वचन." त्याने बोरू आणि दौत मागवली. "आता अथेन्सचा माणूस देवाचं नाव लिहील तर कुठलं लिहील, ते मी तुम्हाला काय सांगायचं? ग्रीकमध्ये त्याची चारच अक्षरं आहेत. जागा बरोबर तेवढीच सोडलीत तुम्ही."

लोकांनी आनंदाने आवाज दिला. "झ्यूस! झ्यूस!"

मेनेस्थेस याकुबिसच्या कानाशी वाकला. "काका, लिहू नका. हा माणूस फुकट काही देत नाही."

"घर राहील म्हणतोय."

"म्हणतोय ना. ऐका माझं, नका लिहू."

याकुबिसने बोरू हातात घेतला. त्याच्या मनात काय चालले होते ते मला ठाऊक आहे, कारण ते कोणाच्याही मनात आले असते. हे नाव ते नाव नव्हे. ही चार अक्षरे म्हणजे नुसती शाई. गुंडाळीही खोटी, मग खोट्यात आणखी एक खोटे. एका बाजूला कोरी जागा आणि दुसऱ्या बाजूला जीव असलेली पोर, पोटात आणखी एक जीव. त्याने बापाची आठवण काढली नाही, भावाची काढली नाही. त्याने त्या दोन ठिपक्यांच्या मध्ये लिहिले. अक्षरे त्या जागेत अगदी नेमकी बसली.

आंतिलोखोसने गुंडाळी उंच धरली.

"मंडळी, दोसिथेओस खरा ठरला! म्हाताऱ्याने यांचं शास्त्र ऐकलं होतं. आणि त्यात देवाचं नाव काय होतं, ते यांच्याच नक्कलकाराने आपल्या हाताने लिहून दिलंय. आपण उगाच भांडत होतो. यांचा देव आणि आपला देव एकच!"

ओसरी दणाणली. लोक एकमेकांना मिठ्या मारू लागले. आमचे जे चारदोन जण तिथे होते, ते भिंतीला चिकटून उभे होते.

"मालक," याकुबिस म्हणाला, "घर आमचं राहील म्हणालात."

"तुमचंच आहे, आजोबा. घराचा मालक कोण, तेही तुम्हीच सांगितलंत. आता त्याला त्याच्या घरी नेऊ." आंतिलोखोसने पोरांकडे पाहून टाळी वाजवली. "मूर्ती आणा रे! आणि आजोबांना चालायला लावू नका, मानाचा माणूस आहे."

त्यांनी त्याला उचलले. चौघांनी खांद्यावर घेतले, कोणीतरी त्याच्या डोक्यावर पानांचा मुकुट घातला. तो "सोडा, खाली ठेवा" म्हणत होता, आणि पोरे त्याला प्रेमाने थोपटत होती. मागे बारा-पंधरा जणांनी मूर्ती धरली होती. रंग ओला असल्याने त्यांचे तळवे सोनेरी झाले होते. ढोल पुढे निघाले. कोणाच्या हातात दगड नव्हता, काठी नव्हती. आमच्या वस्तीच्या खिडक्या एकेक करून बंद होत गेल्या. दोसिथेओस काही अंतर मिरवणुकीमागे धावला, मग रस्त्याच्या कडेला बसला आणि तिथेच राहिला.

बंदराच्या रस्त्याला उतार आहे. उतारावर गर्दी आपोआप वेग घेते. मागचे पुढच्यांना ढकलतात, पुढच्यांना थांबायचे म्हटले तरी थांबता येत नाही. याकुबिसला खांद्यावरून ते सगळ्यांच्या आधी दिसत होते. वळण, दोरखंडांची दुकाने, प्रार्थनाघराचे दार. दार बंद होते आणि बंद दाराला पाठ लावून त्रिफेना उभी होती. दोन्ही हातांनी चौकट धरलेली.

"बाजूला हो!" तो ओरडला. "त्रिफेना, बाजूला हो!"

ढोलांपुढे त्याचा आवाज त्याला स्वतःलाही ऐकू आला नाही. तो हात हलवू लागला. खालच्या पोरांना वाटले आजोबा रंगात आले, त्यांनी त्याला आणखी उंच धरले.

त्रिफेनाने वर पाहिले. आधी तिने मूर्तीकडे पाहिले, मग त्या सोनेरी हातांकडे, आणि मग सगळ्यांच्या वर, पानांचा मुकुट घालून हात हलवत येणाऱ्या माणसाकडे. तिचा चेहरा क्षणभर उजळला. तिला वाटले, बाबांनी मनवले त्यांना, बाबा सांगतायत काळजी करू नकोस. तिने चौकटीवरचे हात काढले आणि ती दारातून पुढे, त्याच्याकडे, उतारावरून येणाऱ्या गर्दीच्या तोंडावर चालत आली.